हवाई छायाचित्रं वाचणाऱ्या काकांचं मानपत्र कसं लिहू?

कोथरूडकर: आमच्या सोसायटीतल्या ८१ वर्षांच्या काकांचा जीवनगौरव करतोय. आयुष्यभर लष्करासाठी हवाई छायाचित्रं वाचली. शाल, श्रीफळ, पुणेरी पगडी ठरली. मानपत्र माझ्या गळ्यात पडलं. काका कामाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. लिहू काय?

नकाशावेडा: कामगिरी सोडा, कसब लिहा. एकाच जागेची दोन छायाचित्रं स्टिरिओस्कोप या दोन भिंगांच्या उपकरणाखाली ठेवली की जमीन उठून दिसते. सावलीच्या लांबीवरून उंची काढतात. १९६२ साली क्यूबातली सोव्हिएत क्षेपणास्त्रं यू-२ या हेरगिरी विमानाच्या छायाचित्रांत अशाच लोकांनी ओळखली. त्यांचे प्रमुख आर्थर लुंडाल. अमेरिकेतल्या या क्षेत्रातल्या जीवनगौरवाला त्यांचंही नाव आहे.

सदाशिव पेठ: अमेरिकेपर्यंत कशाला? आपले सर्वेक्षक नैनसिंग रावत घ्या की! नकाशासाठी वेष पालटून तिबेटात शिरले, अंतर मोजायला जपमाळ १०८ ऐवजी १०० मण्यांची, दर शंभर पावलांना एक मणी. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. आणि मानपत्र एका पानात आटपा, वक्ते आहेतच बोलायला.

कोथरूडकर: रावत नक्की घेतो. काकू म्हणाल्या, पगडी ठेवायला जागा नाही, चांगलं भिंग द्या. अप्पा बळवंत चौकात मिळेल का?