प्लाझ्मिडची वाटणी नशिबावर?

पेट्रीडिश: ‘पेशी दुभंगताना प्लाझ्मिड (जिवाणूतला मुख्य गुणसूत्राबाहेरचा डीएनएचा तुकडा) कुठल्या कन्यापेशीत जाणार हे निव्वळ नशीब’, असं कालच्या लेखात ठोकून दिलंय. वाचून राहवलं नाही. एफ या प्लाझ्मिडच्या प्रती पेशीत असतात एक-दोन. विभाजनावेळी 2 धरल्या आणि नशिबावर सोडल्या, तर दर दोन विभाजनांत एकदा एक कन्यापेशी रिकामी निघेल. तसं होत नाही, कारण सोपए-सोपबी ही प्रथिनं प्रती दोन्हीकडे नेऊन ठेवतात. आर1 या दुसऱ्या प्लाझ्मिडमध्ये तर पारएम हे प्रथिन ॲक्टिनसारखे (स्नायूंतल्या प्रथिनासारखे) तंतू वाढवतं आणि दोन प्रतींना दोन टोकांकडे ढकलतं. यात नशीब कुठे आलं?

लेखक: मी बहुप्रती (पेशीत अनेक प्रती असणाऱ्या) प्लाझ्मिडांबद्दल लिहिलं, कोलई1 सारख्या. विभाजनावेळी 20 प्रती असल्या तर रिकामी कन्यापेशी सव्वापाच लाख विभाजनांत एकदा. ढकलायला यंत्रणा हवी कशाला?

वसाहत: हा हिशेब प्रती सुट्या राहतात असं धरून केलेला. दोन प्रती जुळून जोड बनतात, मग वाटे निम्मेच उरतात. कोलई1 कडे जोड सोडवणारी सेर ही जागा आहे. पीयूसी या प्रयोगशाळेतल्या प्लाझ्मिडांत ती नाही, आणि अँपिसिलिन या प्रतिजैविकापासून पेशीला वाचवणारं जनुक त्यांच्यावरच असतं. एमएस्सीच्या प्रोजेक्टला त्यांचं माझं रात्रभराचं कल्चर (द्रवात वाढवलेले जिवाणू) साध्या प्लेटवर भरभरून आलं, अँपिसिलिनच्या प्लेटवर त्याच्या पावपटही नाही. गाइडनी दोष दिला माझ्या पिपेटिंगला (द्रव मोजून टाकण्याला).

निवृत्त मास्तर: कल्चरमध्येही अँपिसिलिन होतं ना? मग रिकाम्या पेशी तिथेच मरायला हव्या होत्या. पिपेटिंगच चुकलं.

वसाहत: सर, प्लाझ्मिडवाल्या पेशींतून बीटा-लॅक्टमेज हे अँपिसिलिन तोडणारं एन्झाइम बाहेर झिरपतं! काही तासांत अँपिसिलिन संपतं आणि रिकाम्या पेशी खुशाल वाढतात. मोठ्या वसाहतीभोवती बारक्या उपग्रह वसाहती पाहिल्या नाहीत कधी? ‘पिपेटिंग चुकलं’ या वाक्यापायी मी सहा महिने तेच तेच मोजत बसले.

निवृत्त मास्तर: आवाज चढवू नका. आम्ही इनॉक्युलम (नव्या कल्चरमध्ये पेरायचे जिवाणू) धुऊन घ्यायचो, म्हणून आम्हाला हा त्रास झाला नाही.

वसाहत: धुवायचात ते झिरपलेलं एन्झाइम काढायलाच ना? मग पिपेटिंगचा ठपका मागे घ्या.

निवृत्त मास्तर: घेतला. पण धुवायला तुम्हाला कोणी शिकवलं नाही, हा दोष तुमच्या गाइडचा, अँपिसिलिनचा नव्हे.

पेट्रीडिश: मूळ मुद्दा बाजूलाच पडला. आर1 वर हॉक-सॉक ही जनुकांची जोडीही आहे: हॉक विष बनवतं, सॉक ते रोखतं. रिकाम्या कन्यापेशीत सॉक आरएनए लवकर विरतो, हॉकचा संदेश टिकून राहतो, त्यातून विष बनतं आणि पेशी मरते. वाटणी हुकलीच तर हा दुसरा बंदोबस्त. लेखात याचा एक शब्द नाही.

लेखक: बरं, ‘बहुप्रती’ हा शब्द पहिल्याच ओळीत घालतो, सेरचंही लिहितो. पण सेर फक्त जोड सोडवते, प्रती कुठे नेऊन ठेवत नाही. कोलई1 कडे पारएमसारखं काही आहे, हे इथे कोणीच दाखवलेलं नाही.