अंत्युखियातली पंगत नेमकी कोणी मोडली?

तळटीप:
“ख्रिस्ती मंडळीचे ऐक्य टिकवायचे तर प्रेषित पौलाने केफाला, म्हणजे पेत्राला, चारचौघांत सुनवायला नको होते, बाजूला घेऊन सांगायचे होते,” हे कालच्या टिपणातले वाक्य वाचून राहवले नाही. अंत्युखिया नगरातल्या मंडळीत केफा परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर, जेवत होता. यरुशलेमेतल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून माणसे आली, आणि सुंतावाल्यांच्या, म्हणजे सुंतेचा आग्रह धरणाऱ्यांच्या, भीतीने तो हळूहळू मागे सरला, त्याच्यामागे बाकीचे यहूदी सरले, शेवटी पौलाचा सोबती बर्णबासारखा माणूसही वाहवला. याला आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात. जो अपमान सर्वांदेखत झाला, त्याचा निषेध कानात कुजबुजून कसा करायचा?

जुना सभासद:
ते टिपण माझेच. आपण पौलाने लिहिलेले गलतीकरांस पत्र वाचता, म्हणजे फिर्यादीचीच जबानी वाचता; केफाचे म्हणणे आपल्यापर्यंत आलेलेच नाही. यरुशलेमेतल्या विश्वासणाऱ्यांना रोज मंदिरात वावरायचे होते, आणि तिथल्या आडभिंतीपलीकडे पाऊल टाकणारा परका, म्हणजे यहूदी नसलेला, आपल्या मरणाला स्वतःच जबाबदार राहील, असे बजावणारी ग्रीक शिळा 1871 साली सापडलेली आहे. पुढे त्रफिम या परराष्ट्रीय सोबत्याला आत नेल्याच्या नुसत्या संशयावरून खुद्द पौलालाच जमावाने मंदिराबाहेर ओढले. अंत्युखियात बसून या भीतीला ढोंग म्हणणे पौलाला सोपे होते.

ओसरी:
भीतीचे मला सांगू नका. आमच्या गावच्या मंडळीत प्रीतिभोजनाच्या दिवशी एक घर पितळी डबा घेऊन येई आणि ओसरीवर वेगळे बसून जेवे. “पोटाला सोसत नाही,” एवढेच कारण ते देत. माझी आजी मोठ्या पातेल्याशी वाढायला असे. तिच्या हातचे त्यांनी कधीच घेतले नाही, आणि ऐक्य बिघडेल म्हणून पाळकांनी कधी विचारले नाही.

जुना सभासद:
आजींविषयी आदर आहे, परंतु याकोबाच्या माणसांचा प्रश्न मोशेच्या नियमशास्त्राचा होता, जातीचा नव्हता. शिवाय बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात तोडगा सुचवला तो याच याकोबाने! परराष्ट्रीयांवर सुंतेचे ओझे नको. मात्र मूर्तींना वाहिलेले, रक्त आणि गुदमरून मारलेले खाऊ नये, जारकर्म टाळावे. चारांपैकी तीन अटी स्वयंपाकघरातल्या आहेत, म्हणजे एकत्र जेवता यावे याचीच ती सोय होती. आणि आपल्या पौलाने तरी काय केले? आपला सोबती तीमथ्य याची त्याच्या भागातल्या यहूद्यांसाठी सुंता केलीच ना?

तळटीप:
केली, कारण त्याची आई यहूदी होती. पौलाचा दुसरा सोबती तीत ग्रीक होता आणि त्याची सुंता पौलाने होऊ दिली नाही. स्वतःहून नमते घेणे वेगळे आणि दुसऱ्याला पंगतीतून उठवून त्याला नमवणे वेगळे.

जुना सभासद:
बरे, “बाजूला घेऊन” हे शब्द मागे घेतो, समाधान झाले असेल तर. याकोबाला खलनायक ठरवणे मात्र मला मान्य नाही.

ओसरी:
याकोबाचे तुम्ही दोघे पाहून घ्या. त्या डब्यात काय असे ते मात्र राहिले: आमच्या पातेल्यात असे तेच, मसूर आणि भात.