गोकाकचा दगड नेमका किती जुना?

घटप्रभाकाठ:
परवा गोकाकला धबधबा बघायला गेल्तो. पाणी कमी होतं म्हणून कडेच्या दगडावर जरा फिरलो तर वाळूवर पाण्यानं उठतात तसल्या बारीक लाटा दगडातच दिसल्या. सोबतचा मित्र म्हणतोय हा पण सह्याद्रीसारखा लाव्हाचाच दगड, साडेसहा कोटी वर्षांचा. मला काय पटलं नाही. आणि शंख-शिंपला तर एक दिसत नाही, मग वय काढतात तरी कसं?

दगडवेडा_बेळगाव:
मित्राला सांगा लाव्हात असले रिपल मार्क पडत नाहीत, हा वालुकाश्म आहे, उथळ पाण्यात वाळू साचून झालेला. सह्याद्रीतला काळा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा दगड, ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा बरोबर, पण तो ह्या थरांच्या वर येऊन बसलाय, म्हणजे खालचा दगड आधीचा हे उघडच आहे. ह्याला कलादगीचे थर म्हणतात, बागलकोटकडच्या कलादगी गावावरून. ब्रूस फूट ह्या ब्रिटिश भूवैज्ञानिकानं १८७६ मध्येच ह्या मुलखाच्या दगडांवर सविस्तर लिहून ठेवलंय. बेसॉल्टखालून हेच थर पार सिंधुदुर्गात मधेमधे वर डोकावतात, आहे की नाही गंमत! शिंपले नाहीत कारण प्रोटेरोझोइक काळ, २५० कोटी ते साधारण ५४ कोटी वर्षांपूर्वीचा, तेव्हा शिंपलेवाले प्राणीच नव्हते. बागलकोटकडं चुनखडी-डोलोमाइटमधी स्ट्रोमॅटोलाइट आहेत, सूक्ष्मजीवांनी थरावर थर चढवून केलेले, पण त्यावरून नेमकं वय निघत नाही.

मलप्रभा_रामदुर्ग:
ह्यात दोन गट आहेत हो, सगळं एकात घालू नका. खालचा बागलकोट गट दाबानं वाकलाय, घड्या पडल्यात. त्याची झीज होऊन गेल्यावर वर बदामी गट जवळजवळ आडवा साचला. मधल्या त्या खंडात किती काळ गेला ते दगडात लिहिलेलंच नाही, म्हणून गट पाडताना थरांचा कल आधी बघायचा, रंग नंतर.
वयासाठी वाळूतले झिरकॉन ह्या टणक खनिजाचे कण काढतात. झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळपास घेतच नाही, मग युरेनियमचं शिसं होत जातं (युरेनियम-२३८ निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं), दोन्हीचं प्रमाण मोजलं की कणाचं वय मिळतं.

घटप्रभाकाठ:
मग कणाचं वय तेच थराचं वय की?

मलप्रभा_रामदुर्ग:
नाही नाही, इथंच लोक फसतात. कण आधीच्या कुठल्यातरी ग्रॅनाइटातून झिजून वाहत आलेला असतो. घरात आजोबांच्या काळचं नाणं सापडलं म्हणून घर तेवढं जुनं होत नाही ना. सगळ्यात तरुण कण बघायचा, थर त्याच्यापेक्षा जुना असू शकत नाही एवढंच कळतं. दुसऱ्या बाजूनं थर फोडून एखादी डाइक (भेगेत थिजलेल्या लाव्हारसाची भिंत) वर घुसली असेल तर तिचं वय काढायचं, थर त्याच्या आधीचा. उत्तर ह्या दोन्हीच्या मधी कुठंतरी, एक आकडा कोण छातीठोक सांगत असेल तर दोन्ही टोकं विचारा त्याला.

दगडवेडा_बेळगाव:
बरोबर. आणि सौंदत्तीला यल्लम्माला जाणार असाल तर नविलुतीर्थाला थांबा, मलप्रभेनं क्वार्टझाइटचा (घट्ट झालेल्या वालुकाश्माचा) डोंगर कापलाय तिथं, खालच्या गटाचा तळ बघायला मिळतो. धरणाचं पाणी सोडलेलं असेल तर मात्र खाली उतरू नका.