अनुभव धागा: निजामाच्या राज्यातून महाराष्ट्रात, तुमच्या घरात काय झालं?

हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला भारतात आलं, मराठवाडा १९५६ ला मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात. या तारखा झेंडावंदनाला दरवर्षी ऐकतो. उर्दू कारभार, तेलुगू-कन्नड सोयरे यांचं पुढं काय झालं, ते लिहा. पक्षांची भांडणं नकोत, घरचं सांगा.

देगलूरकर
आजीचं माहेर बोधनचं. १९५६ ला राज्यं भाषेवर वाटली, तेव्हा माहेर आंध्रात गेलं नि सासर मुंबई राज्यात. सोयरीक थोडीच तुटते! पत्रिका अजून दोन्ही भाषांत छापतो. आहेरावरून रुसायला कुठलीही चालते.

निवृत्त तलाठी
नोकरीला लागलो तेव्हा पहाणीपत्रक मराठीत, पण इनामाचे जुने मुंतखब, म्हणजे इनाम जमिनीच्या हक्काचे निजामकाळचे कागद, उर्दूत. वारसाच्या भांडणात शेतकरी कागद घेऊन आला की त्याला घेऊन मी एका म्हाताऱ्या मास्तरांकडं जायचो. ते उस्मानिया विद्यापीठात शिकलेले, तिथं तेव्हा सगळं शिक्षण उर्दूतच. कागद उजेडाला धरून, उजवीकडून बोट फिरवत ते वाचायचे: अमुक मारुतीच्या दिवाबत्तीसाठी इतकी जमीन. पैसे घेत नसत, वर चहा त्यांचाच. २०२३ ला कुणबी नोंदींसाठी मोडी-उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली, तेव्हा मास्तर फार आठवले. नवं राज्य आलं म्हणून जुनं दप्तर वाचणारी माणसं तयार करणंच बंद केलं, हे काही शहाणपणाचं नव्हतं. (मोडीचे वर्ग निघतात अधूनमधून. उर्दूचं नाव काढलं की लोक धर्म विचारतात.)

नांदेडची लेक
आम्ही दखनी शीख. पूर्वज रणजितसिंग महाराजांनी निजामाकडं पाठवलेल्या फौजेतून आले, असं घरात सांगतात. गुरुद्वारात गुरुमुखी, शाळेत मराठी, घरात दखनी, म्हणजे इकडची उर्दू बोली. हुजूर साहिबला पंजाबचे यात्रेकरू येतात, माझी पंजाबी ऐकून हसतात. मी म्हणते, "कायकू हसते जी?" मग तर जास्तच हसतात.

बीडवाला
माझं आजचं आहे, चालेल ना? आमचं निम्मं गाव दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बेळगावकडं जातं. पोरं कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत राहतात, जवळची शाळा कन्नड. बाजारहाटापुरतं कन्नड त्यांना पटकन येतं, पण पुस्तक वाचता येत नाही. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर परत आली की इथल्या वर्गात मराठी धडे पुढं गेलेले असतात. गावात हंगामी वसतिगृह आहे. पण माझ्या चुलतभावाची मोठी पोरगी तिथं ठेवली तर फडावर तान्ह्याला सांभाळणार कोण, म्हणून तीही गाडीत बसते.