मदत हवी आहे: विहिरीतले हे स्फटिक कोणते?

नमस्कार मंडळी. संगमनेरजवळ मामाच्या विहिरीचं खोदकाम चालू आहे. मुरूम संपून काळा पाषाण लागला आणि सुरुंगानंतर निघालेल्या एका दगडात मुठीएवढी पोकळी, आत चकाकणारे स्फटिक! सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे झिरपत्या पाण्यातल्या खनिजांनी त्या पोकळ्या भरल्या, एवढं ठाऊक आहे.

मामा म्हणतो गारगोटी. पण चाकूने ओरखडा उठतोय, म्हणजे क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज, चाकूहून कठीण) नाही. व्हिनेगर टाकलं तर फेसही नाही. मग कॅल्साइट (ॲसिडात फेसाळणारं चुन्याचं खनिज) बाद धरू, की व्हिनेगर फार सौम्य पडतं? रंग फिकट गुलाबी, आकार मधे बांधलेल्या पेंढीसारखा. स्टिलबाइट (लाव्ह्याच्या अशा पोकळ्यांत सापडणारं खनिज) असेल का? घरी आणखी काय तपासता येईल?

आणि माती नुसत्या पाण्याने काढू ना? मामी बाथरूमचं ॲसिड घेऊन तयारच आहे, लवकर सांगा.