मुलांचा अभ्यास नेमका कुठे अडतो? तुमचे अनुभव सांगा

दहावीचा निकाल लागला की आपण टक्के विचारतो. ते मूल कुठे अडलं होतं, कशाने सुटलं, हे विचारायचं राहूनच जातं. पुण्यातल्या पालकांनी, शिक्षकांनी स्वतः पाहिलेलं लिहावं. सुरुवात मी करते.

निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ
मी २१ वर्षं गणित शिकवलं. सहावीत एक मुलगी होती. तोंडी हिशेबात सगळ्यांच्या पुढे, वहीत मात्र निम्मी गणितं चुकलेली. मी 'निष्काळजीपणा' असा लाल शेरा मारत राहिले. एकदा तिची वही घेऊन फळ्याजवळ गेले. फळ्यावर ३७, वहीत २७, आणि पुढची सगळी आकडेमोड २७ धरून बिनचूक! डोळे तपासले तर अडीचचा नंबर निघाला. चष्मा लागल्यावर म्हणाली, "बाई, फळ्यावर रेघा आखलेल्या आहेत?" सहा महिने तिला फळा दिसत नव्हता आणि मी रागावत होते. तो शेरा अजून मनाला लागून राहिलाय. त्यानंतर दर जूनमध्ये मागच्या बाकावरच्या प्रत्येकाला फळ्यावरचं मोठ्याने वाचायला लावायचे.

बाबा, हडपसर
आमच्याकडे झोपेचं होतं. मी ऑफिसातून साडेनऊला यायचो, मुलगा माझ्यासाठी जागा राहायचा, सकाळी साडेसहाला व्हॅन. तिसरीत पहिल्या तासाला पेंगायचा. २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय आला, शाळेची वेळ बदलली आणि वर्षभरात त्याचं वाचन सुधारलं. पाचवीत पुन्हा सातची शाळा. आता तो नऊला झोपतो. आमच्या गप्पा रविवारी.

आई, कात्रज
मुलीला आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून इंग्रजी माध्यमात प्रवेश मिळाला. फी नाही, पण डायरीतली सूचना वाचायची कुणी? प्रोजेक्टचं साहित्य न्यायचं राहून जायचं, पोरगी रडत यायची. वर्गशिक्षिकेला एकदा धीर करून सांगितलं. तेव्हापासून त्या मराठीत व्हॉइस मेसेज पाठवतात. दोन मिनिटांचं काम, पण लेक आता हसत शाळेत जाते.

बी.कॉम.ची विद्यार्थिनी, जनता वसाहत
दहा बाय दहाची खोली, पाच माणसं. माझ्या दहावीला आईने रोज आठ ते दहा टीव्हीवर ओढणी टाकली. आजीची मालिकासुद्धा बंद. यंदा धाकटा दहावीला आहे. आठ वाजले की ओढणी आजीच टाकते.