मदत हवी आहे: आईला घेऊन रोम, हातात अडीच दिवस

नमस्कार मंडळी,

शुक्रवारी दुपारी रोमला पोचतोय, सोमवारी पहाटे परत. सोबत आई, वय ७१, गुडघे कुरकुरतात पण उत्साह माझ्यापेक्षा दांडगा.

घोळ वारांचा झालाय. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडून बाकी रविवारी बंद असतात. आमचा रविवार नेमका महिन्यातला पहिला, म्हणजे कोलोसियमला प्रवेश फुकट. फुकट म्हटल्यावर गर्दी काय असेल ते आपल्याला सांगायला नको! म्हणून शनिवारी सकाळी सिस्टीन चॅपल (ते त्या संग्रहालयांतूनच बघायचं असतं) आणि दुपारी कोलोसियम असं मनात आहे. एका दिवसात आईला झेपेल का? की कोलोसियम शुक्रवारी संध्याकाळीच उरकू? त्याच तिकिटात शेजारचे प्राचीन अवशेष, म्हणजे फोरम आणि पॅलाटाइन टेकडीही आहे, पण तिथला दगडी रस्ता फार उंचसखल आहे म्हणे.

व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चच्या घुमटाला ५५१ पायऱ्या. लिफ्ट घेतली तरी ३२० उरतातच. आई म्हणते, "जेजुरी चढले की मी!" (तेव्हा ती चाळिशीत होती.) वरचा जिना अरुंद आणि तिरका आहे, मध्येच परत फिरता येतं का? कुणी वयस्कर माणसांना नेलंय?

आणखी एक. कोलोसियमचं तिकीट नावानिशी मिळतं. आईच्या पासपोर्टवर बाबांचं नाव मधे आहे. तिकिटावर तेही घालायचं का?

ट्रेव्ही कारंजं, पँथिऑन रविवारी रमतगमत करू. त्याची चिंता नाही.